निळ्या दोऱ्याची पुडी

पाय मुरगळून आलेल्या माणसाला आमच्या सिस्टर पहिली एकच गोष्ट सांगायच्या. "आ करा."

माणूस गोंधळायचा. बाईंना कमी ऐकू येतं असं समजून तो पायाकडे बोट दाखवून मोठ्यानं सांगायचा, "पाय जी सिस्टर, पाय! शेताच्या धुऱ्यावरून घसरलो."

"पाय कुठी पळून नाही चालला. आ करा."

मग तो बिचारा औषधाच्या खिडकीत बसलेल्या माझ्याकडे पाहायचा. मी गोळ्यांच्या डब्यात तोंड घालायचो. त्या बाईच्या मधे पडायचं नाही, एवढं शहाणपण मला पहिल्याच आठवड्यात आलं होतं. शेवटी तो आ करायचा, सिस्टर टॉर्च मारून दोन्ही गाल, जीभ, जिभेखालची जागा सगळं पाहून घ्यायच्या, आणि मग कुठे पायाचा नंबर लागायचा. पोटदुखीवाल्याची तीच गत, विंचू चावलेल्याचीसुद्धा तीच. विंचूवाल्याला त्यांनी इंजेक्शन आधी दिलं होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

आमचा दवाखाना लाखांदूर तालुक्यातला, दिघोरीच्या बाजूचा. चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, मागं तलाव, समोर डांबरी रस्ता, आणि रस्त्यापलीकडे कवडूची खर्ऱ्याची टपरी. खर्रा म्हणजे काय हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. तुम्ही बाहेरचे असाल तर ऐका. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीवर घेऊन एकजीव होईपर्यंत घोटायचा, पन्नीतच पुडी बांधायची आणि दिवसभर चिमूट चिमूट गालात ठेवायची. आमच्याकडे पाहुण्याला पाणी द्यायला उशीर झालेला चालतो, खर्रा द्यायला झाला तर पाहुणा गावभर सांगत सुटतो. कुणबी खातो, मासे धरणारा ढिवर खातो, कोष्टी मागावर बसून खातो, मास्तर फळ्याकडे तोंड करून खातो. रोवण्याच्या दिवसात चिखलात वाकलेल्या बायाही खातात, म्हणतात, याच्यानं भूक मरते. सगळ्या जाती-धर्मांना एका पंगतीत बसवायचं काम भल्याभल्यांना जमलं नाही, ते आमच्याकडे खर्ऱ्यानं केलं.

अशा ठिकाणी सिस्टर बदलून आल्या. बुटक्या, रुंद, पवनीच्या कोष्ट्यांच्या घरच्या. खांद्याला एक मोठी पर्स, तिच्यात टॉर्च. पहिल्या दिवशी माझ्या खिडकीशी येऊन त्यांनी मला खालीवर न्याहाळलं.

"काय जी भाऊ, गालात काय आहे?"

"सुपारी," मी म्हणालो.

"आ करा."

"सिस्टर, मी स्टाफ आहे."

"स्टाफले तोंड नसते का?"

झालं. बाहेर पेशंटची रांग लागलेली आणि मी खिडकीत आ करून उभा. त्यांनी माझीच तीन बोटं उभी करून माझ्याच दातांमधे घालायला लावली. तीन गेली तर ठीक, नाही गेली तर तोंड बंद व्हायला लागलं असं समजायचं. माझी गेली, पण जाताना घासली. रांगेतली एक म्हातारी टाळ्या वाजवायचीच बाकी होती. मग सिस्टरनी हात पुढं केला. "आता ती पुडी इकडे द्या. आज राहू द्या, उद्या न्या." का कोण जाणे, मी दिली. ती पुडी अजून माझ्याच खिडकीवर लटकलेली आहे.

माणसाला 'सोड' म्हणायचं नाही, ही त्यांची पहिली शिकवण. "सोड म्हटलं का माणूस पेटते," त्या म्हणायच्या. "त्याच्या बापानं सांगून पाहिलं, बायकोनं रडून पाहिलं, मी कोण लागून गेली? मी फक्त म्हणतो, आज राहू दे, उद्या ने. उद्याले कोणी नाही म्हणत नाही."

यासाठी त्यांनी माझ्या खिडकीत एक तार बांधली. मला न विचारता. पेशंटच्या खिशातली पुडी काढून घ्यायच्या, तिला पर्समधला एक रंगीत दोरा बांधायच्या आणि त्याच रंगाचा दोरा त्याच्या मनगटाला. दोरा आणून दिला की पुडी परत. दोरे त्यांच्या भावाच्या मागावरचे, साड्या विणून उरलेले: लाल, शेंदरी, मोरपंखी. आठवडाभरात माझी खिडकी पुड्यांची झाली. वास असा की खोकल्याचं औषध घेणाऱ्याला खोकला विसरायला व्हायचं.

मी वैतागून म्हणालो, "सिस्टर, हे फेकून द्या ना! दवाखाना आहे का पानठेला?"

"फेकली तर तो मले चोर म्हणन, अन् कवडूकडून दुसरी घेईन. ठेवली तर त्याले माहीत असते का आपली एक शिल्लक आहे. शिल्लक असली का माणूस धीरानं राहते, भाऊ."

आणि खरंच कोणी मागितली तर त्या मुकाट्यानं देऊन टाकायच्या. दुसऱ्याची वस्तू, म्हणायच्या. पण न्यायला आलेल्या माणसाला आधी आ करावा लागायचा, दातांत कुल्फीच्या काड्यांची चळत धरून तोंड ताणायचा व्यायाम करावा लागायचा, भाजलेलं जवस आणि तीळ मूठभर चघळून पाहावं लागायचं. एवढं होईपर्यंत अर्धा दिवस जायचा. "एक दिवस निघाला ना? मग अजून एक काढ. पुडी कुठी जाते?" अर्धे लोक तसेच परत जायचे. अर्धे पुडी घेऊन दार ओलांडताच तोंडात टाकायचे, तेव्हा सिस्टर मागून ओरडायच्या, "उद्या नवीन घेऊन ये गा!"

पुढं एक भलताच घोटाळा झाला. मनगटाला दोरा बांधलेली माणसं खर्रा कमी खाताना दिसली, तशी गावागावांत बातमी पसरली की दवाखान्यातली टार्चवाली बाई मंत्रलेला दोरा देते. लोक पुडीबिडी न आणता नुसताच हात पुढं करू लागले. एक बाई तर नवऱ्यासाठी पार्सल मागायला आली. "तो येत नाही जी, तुम्ही इथूनच फुंकून द्या."

सिस्टर भडकल्या. "हा टोकन आहे बापा, टोकन! सायकल स्टँडवर भेटते तसा!" कोणी ऐकेना. त्या जितक्या रागावायच्या तितकी लोकांची श्रद्धा वाढायची, कारण आमच्याकडे रागीट देवच जास्त पावतो. शेवटी त्या हरल्या. "घे बापा. पण हा दोरा तोंड दाखवल्याशिवाय लागू होत नाही," असं सांगायला लागल्या. विज्ञानाचं काय व्हायचं ते होवो, तोंडं मात्र तपासून झाली.

रविवारी त्या साकोलीला बाजाराला जायच्या आणि गुपचूपच्या गाडीशी उभ्या राहायच्या. गुपचूप म्हणजे तुमची पाणीपुरी. स्वतः खायच्या नाहीत, खाणारे बघायच्या. मी एकदा सोबत होतो. एक तरणाबांड पोरगा गुपचूप फोडून, त्याचे तुकडे करून खात होता. सिस्टरनी मला कोपर मारलं. "पाहा. जो गुपचूप फोडून खाते, तो माझा." आणि गेल्या की त्याच्याकडे, भर बाजारात, टॉर्च घेऊन! मी शेजारच्या दुकानात जाऊन विनाकारण चपलांचे भाव विचारत बसलो. पुढच्या आठवड्यात तो पोरगा आमच्या खिडकीशी उभा होता, पुडी घेऊन.

एवढं का पेटून उठतात, म्हणून लोकांनी त्यांच्यामागं गोष्टी लावल्या होत्या. कोणी म्हणे नवरा यातच गेला, कोणी म्हणे बाप. एकदा मीच हिय्या करून विचारलं. त्या खो खो हसल्या. "कोणी नाही गेलं जी माझं! सगळे खाऊन-पिऊन धडधाकट आहेत. घरचं माणूस मेल्यावरच शहाणं व्हावं लागते का?" मला उगाच ओशाळल्यासारखं झालं.

आता मुख्य गोष्ट.

आमच्या दवाखान्यातला शिपाई देवराव. त्याची पोरगी वर्षा, साकोलीला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला जायची. हुशार, बोलकी. तिला कोंढ्याचं स्थळ आलं. पोरगा प्रमोद, घरची धानाची शेती, स्वभावानं गरीब. देवरावानं पाहण्याच्या कार्यक्रमाला मला आणि सिस्टरना बोलावलं, पण सिस्टरसमोर हात जोडूनच. "या जी, नक्की या. फक्त टार्च घरी ठेवा."

"ठेवतो," सिस्टर म्हणाल्या. आणि ठेवला. त्या शब्दाच्या पक्क्या होत्या.

कोंढ्याहून प्रमोद, त्याचे वडील आणि मामा असे तिघं आले. मामा मिशीवाला, बोलणारा, सोयरीक जुळवायचं सगळं कंत्राट आपल्याकडे असल्यासारखा बसलेला. पोहे आले, चिवडा आला, लाडू आले. प्रमोदनं पोह्यांतल्या मिरच्या बाजूला सारल्या, चिवड्याला हात लावला नाही, लाडू बोटांनी चुरून चिमटी चिमटीनं खाल्ला, चहा पार निववून घेतला. देवरावाची बायको दाराआडून बघत होती, ती हरखून गेली. सिस्टरच्या कानाशी येऊन म्हणाली, "किती नीट खाते जी पोट्टा! मचमच नाही, घाई नाही. मोठ्या घरचं वळण आहे."

मलाही तो फार सभ्य वाटला, खोटं कशाला बोलू.

सिस्टरची नजर मात्र त्या चुरलेल्या लाडवावर होती. मग त्यांनी मामाकडे तोंड वळवलं. "मामाजी, बाजारात बैल घेता तवा आधी काय पाहता?"

"दात," मामा आपल्या विषयात आल्यासारखा खुलला. "दात पाह्यल्याशिवाय दोरीले हात नाही लावत आपण."

"मग जावई घेताना काहून नाही पाहू?"

आधी कोणाला कळलंच नाही. कळलं तसा मामा ताडकन उठला. "आम्ही इथं बैल विकाले नाही आलो बाई! चला जी भाऊजी." प्रमोदचे वडील गडबडून उभे राहिले. देवरावाचा चेहरा पांढराफटक. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी सिस्टरकडे पाहिलं, आणि मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! अहो, पोरीचं लग्न ठरायची वेळ, सरकारी तपासणी मोहीम नव्हे. देवराव म्हणाला, "सिस्टर, मोडली ना तुम्ही माझ्या पोरीची सोयरीक!"

तेवढ्यात वर्षा आतून बाहेर आली. ट्रे नाही, पदर नाही, नुसती आली. "बाबा, थांबा. सिस्टर, पाहून घ्या. मले पण पाहाचं आहे."

आणि प्रमोद, जो तोवर एक शब्द बोलला नव्हता, तो सिस्टरसमोर खाली बसला. टॉर्च नव्हता, पण मोबाईलमधे असतो हे देवरावाच्या लक्षात आलं नव्हतं. प्रमोदनं आ केला. तीन बोटं कसली, दोनच जेमतेम गेली. उजव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता. वर्षा वाकून बघत होती, तिनं मान फिरवली नाही.

सिस्टरनी मोबाईल बंद केला. त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला त्या दिवशी समजलं. "तिखट कवापासून झोंबते बाबू?"

"मागच्या रोवण्यापासून."

"घरी सांगितलं?"

त्यानं मान हलवूनच नाही म्हटलं. त्याचे वडील खुर्चीवर मटकन बसले. "म्हणून तू वरण-भात कालवून खात होता? मी तुह्या मायले म्हणत होतो, पोराले वरण-भात आवडू लागला." एवढं बोलून ते रडायला लागले.

"मी मोडाले नाही आली," सिस्टर म्हणाल्या. "पोरगा चांगला आहे. आ कर म्हटलं तर आ केला, पळाला नाही. त्याले नागपूरले नेतो, चट्ट्याचा तुकडा तपासाले देऊ. तोवर कोणी हो म्हणू नका, कोणी नाही म्हणू नका." मग प्रमोदला, "खिशात आहे?"

त्यानं पुडी काढून दिली. सिस्टरनी पर्समधून निळा दोरा काढला, अर्धा पुडीला, अर्धा त्याच्या मनगटाला बांधला.

"कवा देसान परत?" त्यानं विचारलं.

"तुह्या लग्नात. ज्या मांडवात उभा राहशील, तिथं येऊन देईन. शब्द आहे माझा."

नागपूरला त्या स्वतः गेल्या, रजा टाकून, बाप-लेकाला घेऊन पवनीच्या बसनं. तुकडा काढला, आणि मग रिपोर्टची वाट बघायची. ते दिवस वाईट गेले. देवराव माझ्याशी बोलत नव्हता, सिस्टरशी तर नाहीच. वर्षा बापाचा डबा द्यायच्या निमित्तानं यायची आणि माझ्या खिडकीशी उभी राहून तारेवरची ती निळी पुडी बघायची. एकदा मी म्हणालो, "बाई, स्थळं काय दुसरी मिळतील." ती म्हणाली, "मिळतील ना काका. पण त्याले कॅन्सर निघाला तर त्याले कोण भेटन?" मी गोळ्या मोजत राहिलो आणि चुकलो.

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. पण खर्रा चालू राहिला तर तो यायला रस्ता मोकळा होता, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. देवरावानं कागद कपाळाला लावला. मी म्हणालो पेढे आणा. सिस्टर म्हणाल्या, "पेढे नंतर. आधी काड्या."

मग प्रमोद दर सोमवारी कोंढ्याहून मोटारसायकलनं यायचा आणि माझ्या समोरच्या बाकावर दातांत कुल्फीच्या काड्यांची चळत धरून बसायचा. दर खेपेला जमली तर एक काडी जास्त. दातांत काड्या, त्यामुळं बोलता येत नसे. वर्षा समोर बसून बोलायची. दुकानातलं, मैत्रिणींचं, आपल्याला काय आवडतं, काय खपणार नाही, सगळं. तो नुसती मान हलवायचा. लग्नाआधी इतकं निमूट ऐकणारा नवरा आख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला मिळाला नसेल. माझ्या बायकोला हे सांगितलं तर तिनं मलाच काड्या आणायला सांगितल्या.

मधे दोनदा त्यानं दगा दिला. दुसऱ्या वेळेला वर्षाला वास आला, ती उठून गेली आणि पुढच्या सोमवारी आली नाही. प्रमोद काड्या हातात धरून दिवसभर बसून राहिला. सिस्टरनी फक्त त्याच्या मनगटावरचा सैल झालेला दोरा पुन्हा घट्ट बांधला. त्याच्या पुढच्या सोमवारी वर्षा आली. तिनं खूप सुनावलं, तेही त्यानं ऐकून घेतलं.

अखेर देवरावानंच हो म्हटलं.

लग्न देवरावाच्या अंगणात झालं. सिस्टर ठेवणीतलं लुगडं नेसून आल्या, खांद्याला तीच पर्स. हार घालून झाले, तांदूळ पडले, घास भरवायची वेळ आली. वर्षानं लाडू पुढं धरला. अख्खा काही गेला नाही, पण प्रमोदनं तो हातानं न फोडता दातांनी तोडला, आणि पुढच्या रांगेत सिस्टर इतक्या जोरात "वा!" म्हणाल्या की भटजी दचकले.

मग त्या उठल्या. माझ्या तारेवरून काढून आणलेली निळ्या दोऱ्याची पुडी पर्समधून काढली आणि चारचौघांत नवरदेवाच्या पुढं धरली. "शब्द दिला होता. दोरा दे, पुडी घे."

मामा हसला. "बाई, हा आहेर का?" मागच्या रांगेतली माणसं उठून बघायला लागली. हळदीच्या कंकणाशेजारी प्रमोदच्या मनगटावर विटलेला निळा दोरा होता. वर्षा त्याच्याकडे बघत नव्हती. ती ताटातल्या लाडवाकडे बघत होती आणि तिची बोटं पदराच्या टोकाला पीळ देत होती. मला सिस्टरचा पुन्हा राग आला. काय गरज होती? एक दिवस शब्द मोडला असता तर आकाश कोसळलं असतं?

प्रमोदनं पुडी हातात घेतली. अंगठ्यानं निळ्या दोऱ्याची गाठ चाचपली.

"मन तर होते जी," तो म्हणाला.

"होईनच," सिस्टर म्हणाल्या.

त्यानं ती पुडी सिस्टरच्या हातात परत ठेवली आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "राहू द्या. उद्या नेतो."

आख्ख्या तालुक्याला आ करायला लावणाऱ्या त्या बाईला काही बोलताच येईना. वर्षा हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते, माझंही काही वेगळं नव्हतं. देवराव येऊन सिस्टरच्या पाया पडायला लागला, तेव्हा त्यांना एकदम कंठ फुटला. "उठ गा, मांडवात काय हे!" मग नाक पुसून त्यांनी मामाकडे मोर्चा वळवला. "मघाशी तुम्हीच हसले ना जी? आ करा." आणि मामानं, मिशीसकट, केला.

पंगतीला जाताना त्यांनी ती पुडी माझ्या खिशात कोंबली, तारेवर लावून ठेवा म्हणाल्या, आणि मागं वळून नवरदेवाला सांगितलं, "उद्या दवाखाना दहाले उघडते. दहाच्या आधी येऊ नको."

"हाव जी," प्रमोद म्हणाला.

सिस्टर निवृत्त होऊन पवनीला गेल्या. दर रविवारी मला व्हिडिओ कॉल करून आ करायला लावतात आणि विचारतात, "निळी आहे का?" मी मोबाईल खिडकीकडे फिरवतो. प्रमोदची पोरगी आता शाळेत जाते. पुडी तारेवर आहे. तो अजून न्यायला आलेला नाही.